मत वाया जाते म्हणजे नेमके कुठे जाते?



येत्या जिल्हा मेळाव्यापुढे दोन तालुक्यांचे दोन ठराव आले आहेत आणि दोघांची तोंडे दोन दिशांना आहेत. पहिला ठराव म्हणतो की दोन्ही आघाड्यांनी सोयाबीनवाल्याला आणि कापूसवाल्याला आळीपाळीने नागवले. तेव्हा पुढच्या विधानसभेला नांदेड जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा संघटनेने लढवाव्यात, ते जमत नसेल तर एखाद्या तिसऱ्या पक्षाच्या पाठीशी उघडपणे उभे राहावे. दुसरा ठराव म्हणतो की तिसऱ्याला दिलेले मत वाया जाते. सरकारला धडा शिकवायचा असेल तर समोरच्या दांडग्या उमेदवाराच्याच चिन्हावर शिक्का मारा, घरच्या माणसाच्या हौसेपायी वैऱ्याला निवडून आणू नका.

दोन्ही ठराव मांडणारे कार्यकर्ते तळमळीचे आहेत. त्यामुळे संपादकीयात गुळमुळीत काही लिहून सुटका करून घेणे आम्हाला बरे वाटत नाही. मेळाव्याआधी आमचे मत काय ते स्वच्छ सांगतो, मग मेळाव्याने हवे ते ठरवावे.

आधी दुसऱ्या ठरावातले खरे काय ते मान्य केले पाहिजे. आपल्याकडे निवडणूक अशी असते की ज्याची मते सर्वांत जास्त तो गेला विधानसभेत, मग त्याला शंभरातली तीसच का पडलेली असेनात. उरलेल्या सत्तर जणांचे काय, हे विचारायची सोय कायद्यात नाही. लांब कशाला जा, आपल्याच जिल्ह्याचे पाहा. २०१९ च्या लोकसभेला नांदेडात अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजारांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाहून जास्त मते होती. २०२४ च्या नोव्हेंबरात पोटनिवडणूक झाली. तिचा निकाल फक्त १४५७ मतांनी लागला आणि तिसऱ्या क्रमांकाची मते त्या फरकाच्या कितीतरी पट होती. निकाल ठरवण्याची ताकद तिसऱ्या मताजवळ असते, हे या दोन निकालांनी दाखवले. पण ज्यांनी ती मते दिली त्यांच्या पदरात काय पडले, असे विचारले तर उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही.

त्याच दिवसाची आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. त्याच केंद्रावर, त्याच माणसाने, त्याच बोटाने लोकसभेला आणि विधानसभेला अशी दोन मते दिली. लोकसभेची जागा काँग्रेसला गेली आणि तिच्यातल्या सहाही विधानसभा महायुतीला. आपला मतदार अडाणी आहे, एकदा बटण दाबायला शिकवले की तेच दाबतो, असे म्हणणाऱ्या शहाण्यांनी हा निकाल चौकटीत लावून भिंतीवर टांगावा.

रागाने दिलेल्या मताचा हिशेब तर आणखी सोपा आहे. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला साडेसत्तावीस हजार मते पडली आणि ते बटण चक्क दुसऱ्या क्रमांकावर आले. बटणाला ना झेंडा, ना मागणी, ना उद्या दारात जाऊन जाब विचारणारा कार्यकर्ता. बातमी दोन दिवस चालली.

आता ज्या प्रकरणावरून आम्ही आमचे मत बनवले ते सविस्तर सांगतो. बिलोलीकडून मांजरा ओलांडली की निजामाबाद जिल्हा लागतो. तिकडचा हळदकरी आपल्याला परका नाही. आपल्यासारखाच तोही भावासाठी सांगलीची वाट धरतो. २०१४ च्या लोकसभेला तेलंगणा राष्ट्र समितीच्या के. कविता तिथून निवडून आल्या. मुख्यमंत्र्यांची लेक, आणि हळद मंडळ आणण्याचे आश्वासन. पाच वर्षे गेली, मंडळ आले नाही, हळदीचा भाव पडलेलाच राहिला, लाल ज्वारीचीही तीच गत. २०१९ च्या फेब्रुवारीत आरमूरच्या बाजूला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवले, पोलिसांनी त्यांना उचलले. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. कोणत्या पक्षाकडे जायचे नाही, नवा पक्षही काढायचा नाही. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपले आपणच लोकसभेचे अर्ज भरायचे.

छाननी आणि माघार होऊन रिंगणात १८५ उमेदवार उरले, त्यांतले १७८ शेतकरी. निवडणूक आयोगाची धांदल उडाली. नव्या बनावटीची यंत्रे मागवावी लागली आणि एकेका मतदान केंद्रावर बारा-बारा यंत्रे ओळीने मांडावी लागली. सगळ्या देशाची वर्तमानपत्रे निजामाबादला धावली. हळदीला भाव नाही ही गोष्ट दिल्लीत ज्यांच्या कधी कानावर गेली नव्हती, त्यांना ती त्या महिन्यात पाठ झाली. काही जण तर वाराणसीला जाऊन पंतप्रधानांच्या विरोधात अर्ज भरून आले, पण तिथे बहुतेकांचे अर्ज छाननीतच उडाले.

निकाल काय लागला? सत्तेतल्या पक्षाच्या उमेदवार सुमारे ७१ हजार मतांनी पडल्या. त्या १७८ जणांना मिळून नव्वद हजारांच्या वर मते पडली, म्हणजे एकेकाला सरासरी पाचशेच्या आसपास. अनामत सगळ्यांची गेली. सर्वसाधारण उमेदवाराला पंचवीस हजार रुपये भरावे लागतात, त्या दराने १७८ जणांचा आकडा चव्वेचाळीस लाखांच्या पुढे जातो. निवडून आले भाजपचे धर्मपुरी अरविंद. प्रचारात त्यांनी बाँड पेपरवर लिहून दिले होते की निवडून आल्यावर पाच दिवसांत हळद मंडळ आणतो.

कोणी म्हणेल, नव्वद हजार मते फुटली म्हणून ७१ हजारांनी पराभव झाला, गणित सरळ आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. त्या नव्वद हजारांतली सगळी मते एकाच घरची नव्हती, ती कोणत्या पेटीत गेली असती हे कोणाला ठाऊक? शिवाय रागावलेल्या कित्येक हळदकऱ्यांनी शेतकरी उमेदवाराला मत न देता थेट दुसऱ्या पक्षाला दिले असणार. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो बाँड पेपर. एवढा मोठा राष्ट्रीय पक्ष, आणि त्याच्या उमेदवाराला शंभराच्या कागदासारख्या कागदावर वचन लिहून द्यावेसे वाटले. ते १७८ अर्ज नसते तर त्याला हात कोणी लावला असता?

आणि पाच दिवसांचे काय झाले? पाच दिवस गेले, पाच महिने गेले, वर्षे गेली. हळदकरी मात्र निवडणूक संपली म्हणून घरी बसले नाहीत. बाँडचा कागद पुढे करून ते खासदाराच्या दारात जात राहिले. शेवटी तेलंगणाची विधानसभा निवडणूक तोंडावर आल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरात, पंतप्रधानांनी राष्ट्रीय हळद मंडळाची घोषणा केली आणि २०२५ च्या जानेवारीत मंडळाचे उद्घाटन झाले. मुख्यालय कुठे? निजामाबादला. हिंगोली, वसमत, अर्धापूरची हळद देशाला ठाऊक आहे, पण मुख्यालय मांजरेपलीकडे गेले.

इथे आनंदाने टाळ्या पिटण्याआधी एक कडू घोट घेतला पाहिजे. त्या शेतकऱ्यांची मूळ मागणी मंडळाबरोबरच हळदीच्या हमीभावाची होती. तो मिळाला नाही. २०२४ मध्ये हळद वधारली, ती आधीच्या पडत्या भावांना कंटाळून लोकांनी लागवड कमी केली म्हणून. मंडळ म्हणजे इमारत, अध्यक्ष, सचिव, निर्यातीची परिपत्रके. शेतकऱ्याने मागितला दाम, सरकारने दिले कार्यालय. सरकारला जे स्वस्त पडते ते ते आधी देते, हे पुढचा मागणीपत्रक लिहिताना ध्यानात ठेवावे लागेल.

अर्जांचा असा पूर यापूर्वीही आला होता. १९९६ हे वर्ष त्याचेच होते. नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने हाडे वाकलेल्या लोकांच्या बाजूने ४८० उमेदवार लोकसभेला उभे राहिले. बेळगावात सीमाप्रश्नासाठी मराठी माणसांनी रिंगणातल्या उमेदवारांचा आकडा ४५६ वर नेला. तामिळनाडूत मोडकुरिची या एका विधानसभेच्या जागेला १०३३ उमेदवार होते, त्यांत बहुसंख्य शेतकरी. मतपत्रिकेचे पुस्तक छापायची वेळ आली. त्यावर दिल्लीने तत्परतेने केले काय? त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० वरून १० हजार आणि विधानसभेची २५० वरून ५ हजार केली. पुढे त्या २५ आणि १० हजार झाल्या. नलगोंड्याच्या नळाला पाणी यायला वर्षे लागली, अनामतीचा कायदा काही महिन्यांत झाला. गरिबाच्या उमेदवारीची सरकारला किती धास्ती वाटते, ते यावरून कळावे.

आता पहिल्या ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांना पंजाब दाखवतो. २०२० च्या नोव्हेंबरापासून वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमांवर थंडी-वाऱ्यात बसले. त्या कायद्यांबद्दल शेतकरी चळवळींत दोन मते होती, आजही आहेत. तो वाद इथे नको. पण १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली तेव्हा पंजाब आणि उत्तर प्रदेशाच्या निवडणुका तीन महिन्यांवर होत्या. एकही मत पडायच्या आधी नुसत्या मताच्या भीतीने काम झाले. लगेच डिसेंबरात बावीस संघटनांनी मिळून संयुक्त समाज मोर्चा काढला आणि राज्यभर उमेदवार दिले. जागा आल्या शून्य. मोर्चाचे नेते बलबीरसिंग राजेवाल यांची समरालामध्ये अनामत गेली. ज्या गावांनी वर्षभर त्यांच्यासाठी ट्रॅक्टर भरभरून पीठ आणि दूध पाठवले, त्याच गावांनी आम आदमी पक्षाला ११७ पैकी ९२ जागा दिल्या.

ही बेइमानी नव्हे. आंदोलनात माणूस एका मागणीसाठी बसतो. मतदानाला जाताना मात्र तहसील, पोलीस ठाणे, रेशन, शाळा, जात, भाऊबंदकी सगळे त्याच्याबरोबर रांगेत उभे असते. दोन महिन्यांत उभा केलेला पक्ष या सगळ्याला उत्तर देऊ शकत नाही. आपल्या राज्यातही २०२४ च्या विधानसभेला शेतकरी नेत्यांनी मिळून परिवर्तन महाशक्ती नावाची तिसरी आघाडी उभी केली होती. तिच्या पदरात एकही जागा पडली नाही. या आघाडीतले लोक आयुष्यभर शेतकऱ्यांसाठी लाठ्या खाल्लेले होते, हे आम्ही विसरत नाही आणि कोणी विसरूही नये. पण एका पोत्याचे बियाणे दहा एकरांत फेकले तर तण माजते, एवढे आपल्यातल्या कोणालाही कृषी महाविद्यालयात न जाता कळते.

मग दांडग्याच्याच पेटीत मत टाकून सरकार पाडावे, हे दुसऱ्या ठरावाचे म्हणणे तरी पुरेसे आहे काय? त्याचा परिणाम होतो, यात शंका नाही. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद केली. लोकसभेच्या मतदानाच्या धामधुमीत, ४ मे २०२४ ला ती घाईघाईने उघडली, तरी दिंडोरीसारख्या कांद्याच्या पट्ट्यात केंद्रातल्या मंत्र्यांना घरी बसावे लागले. विधानसभा जवळ येताच सप्टेंबरात किमान निर्यात मूल्य गेले, चाळीस टक्के शुल्काचे वीस टक्के झाले. २०२५ च्या एप्रिलपासून तेही गेले. (जाता जाता: त्याच दिंडोरीत नावात साम्य असलेल्या आणि तुतारीचे चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला लाखावर मते पडली. तिसऱ्या क्रमांकाचे मत नेहमी बंडाचेच असते असे नाही, कधी कधी ते नुसत्या चिन्हाच्या गोंधळाचेही असते.)

पण सोयाबीनवाल्याने आपले काय झाले तेही आठवावे. त्याच सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क सगळे धरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. प्रचारात महायुतीने सोयाबीनला सहा हजारांची आणि काँग्रेसने सात हजारांची भाषा केली. मते मोजून झाली. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस ते शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणून ठेवले आणि २०२५-२६ चा हमीभाव जाहीर झाला ५३२८ रुपये. कांद्याला मिळाले ते टिकले आणि सोयाबीनला मिळालेले नऊ महिन्यांत काढून घेतले, असे का? कांद्याच्या पट्ट्यातले मत कशासाठी फिरले ते सगळ्या देशाला कळले होते. आपल्या सोयाबीनच्या पट्ट्यातले मत २०२४ मध्ये लोकसभेला इकडे आणि नोव्हेंबरात तिकडे गेले, पण ते तेलाच्या शुल्कासाठी गेले, जातीसाठी गेले की बहिणींच्या पंधराशे रुपयांसाठी गेले, हे मोजायला कोणाकडे काही साधन नाही. ज्या मताला नाव नाही त्याची किंमत दुसऱ्या दिवशी उतरते.

महाराष्ट्राच्या इतिहासातले मोठे उदाहरण आपल्या आजोबांच्या पिढीचे आहे. १९५७ च्या निवडणुकीत द्वैभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांपैकी काँग्रेसने २३४ जिंकल्या आणि राज्य तिचेच राहिले. संयुक्त महाराष्ट्र समितीला सत्ता मिळालीच नाही. पण पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसचे पानिपत केले होते, आणि ती सगळी मते एकाच मागणीची होती. तीन वर्षांत, १ मे १९६० ला, मागणी मान्य झाली. पुढे १९६२ ला त्याच काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या आणि समिती विस्कटली. मागणी जिंकली, पक्ष संपला. आम्हाला विचाराल तर हा सौदा महागात पडलेला नाही.

याच्या उलट सांगोला. शेतकरी कामगार पक्ष राज्यभर आटत गेला तरी गणपतराव देशमुखांना सांगोल्याने अकरा वेळा निवडून दिले, आणि त्यांच्या मागे २०२४ मध्ये ती जागा पुन्हा त्यांच्या नातवाच्या रूपाने शेकापकडे आली. एका तालुक्यात पन्नास-साठ वर्षे पाण्यासाठी, रोजगार हमीसाठी, सूतगिरणीसाठी राबलेल्या माणसाला मत देताना ते वाया जाईल अशी भीती कोणाला वाटली नाही. हे करायला काळ लागतो आणि तशी माणसेही लागतात. नऊ जागांसाठी नऊ गणपतराव आपल्याकडे आज आहेत काय? ज्यांना आहेत असे वाटते त्यांनी मेळाव्यात नावे सांगावीत.

तेव्हा आमचे मत असे. नऊ जागा लढवण्याचा ठराव मेळाव्याने मंजूर करू नये. तगड्या पक्षाच्या मागे न बोलता जाण्याचा ठरावही मंजूर करू नये. जिल्ह्यातली एकच जागा निवडावी, फार तर दोन. जिथे गेल्या खेपेचा जयपराजयाचा फरक आपल्या नोंदलेल्या मतांपेक्षा कमी असेल अशी जागा. मागणी एकच ठेवावी आणि ती रुपयांत आणि तारखेत लिहिता येईल अशी असावी. ‘शेतकऱ्यांचे कल्याण’ असे लिहिले तर उद्या एखाद्या भवनाची कोनशिला बसवून मोकळे होतील. खाद्यतेलाच्या आयात शुल्कात कोणत्या पातळीखाली घट चालणार नाही, खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडेल, ओलाव्याची अट किती टक्के, हे लिहावे. जो उमेदवार लिहून देईल त्याचा कागद प्रत्येक गावच्या पारावर लागावा. कोणीच लिहून दिले नाही तर आपला उमेदवार उभा राहावा, आणि त्याने निवडून येण्याच्या गप्पा न मारता आपली मते मोजून दाखवावीत.

यात धोका आहे. आपल्या उमेदवारामुळे दोघांतला जास्त वाईट निवडून येऊ शकतो, आणि त्याचे खापर संघटनेवर फुटेल. दुसऱ्या ठरावाच्या कार्यकर्त्यांची ही भीती खरी आहे आणि तिला आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. एवढेच सांगता येते की ज्यांची मते दर वेळी फुकट मिळतात त्यांच्याकडे पाच वर्षांत कोणी फिरकत नाही, हा अनुभव त्यांनाही आहे.

बियाणे पेरण्याआधी आपण काय करतो? ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या खाली आले तर ते बियाणे घरीच ठेवतो किंवा मापात वाढ करतो. संघटनेच्या ताकदीचीही अशीच तपासणी आधी झाली पाहिजे. आपल्या बिल्ल्यावर किती माणसे मोर्चाला येतात हा आकडा कामाचा नाही. मोर्चाला आलेला माणूस मतदानाच्या दिवशी कुठे जातो हा आकडा हवा.

त्यासाठी मेळाव्याला येताना प्रत्येक गाव शाखेने दोन कागद आणावेत. पहिला, २०२४ च्या विधानसभेचा आपल्या गावच्या केंद्रांचा निकाल. तो फॉर्म वीसमध्ये केंद्रवार छापलेला असतो आणि निवडणूक कार्यालयात पाहायला मिळतो. दुसरा, संघटनेच्या मागणीवर मत द्यायला तयार असलेल्या घरांची सही-अंगठ्याची यादी, बायामाणसांची नावे वेगळी धरून. नवऱ्याच्या सहीत बायकोचे मत धरू नये, लाडक्या बहिणींनी २०२४ ला सगळ्या पुढाऱ्यांना तो धडा दिलेला आहे. ज्या शाखेने हे कागद आणले नाहीत तिच्या प्रतिनिधीने ठरावांवर हवे तेवढे बोलावे, पण मत देण्यासाठी हात वर करू नये, अशी सूचना आम्ही मेळाव्याच्या अध्यक्षांकडे लेखी दिली आहे.